ताट रिकामं परत जात नाही



डिसेंबर लागला की मिल्टन कीन्स आणि आसपासच्या आपल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांवर दोन तऱ्हेचे निरोप फिरायला लागतात. कुठल्या दुकानात काय स्वस्त मिळतंय, हा पहिला. आणि 25 तारखेला करायचं काय, सगळंच बंद असतं, हा दुसरा. पहिल्याला पन्नास उत्तरं येतात. दुसऱ्याला एखाददुसरं, तेही नुसता हसरा चेहरा. मी हे पत्र त्या दुसऱ्या निरोपाचं उत्तर म्हणून लिहिते आहे.

आमचा इथला पहिला नाताळ सांगते. ऑगस्टमध्ये आलो होतो. घर लागत होतं, मुलगी नर्सरीत जायला लागली होती. सण म्हटला की रस्त्यावर गर्दी, ही पुण्याची सवय. म्हणून 25 तारखेला सकाळी नटूनथटून तिघं बसथांब्यावर जाऊन उभे राहिलो. वीस मिनिटांनी कुत्र्याला फिरवणारे एक गृहस्थ थांबले आणि म्हणाले, आज बस नाही. रेल्वेही नाही. हे ऐकून आम्ही तसेच परत फिरलो. घरी येते तो दूध संपलेलं. मोठी दुकानं त्या दिवशी उघडायचीच नाहीत, असा इथे 2004 पासून कायदा आहे. 280 चौरस मीटरपेक्षा लहान दुकान उघडं ठेवता येतं, पण कुठलं उघडं असेल ते नव्या माणसाला कुठून कळणार? चार वाजायच्या आत अंधार पडला आणि मुलीला दूध हवं होतं.

शेवटी शेजारचं दार वाजवलं. चार महिने भिंतीला भिंत लावून राहत होतो, पण त्या आजीबाईंचं नावही मला ठाऊक नव्हतं. त्यांनी एका चिनी मातीच्या जगमध्ये दूध दिलं आणि वर कागदात गुंडाळून चार ‘मिन्स पाय’ दिले. मिन्स म्हणजे खिमा, एवढं इंग्रजी मला येत होतं. आम्ही पडलो शाकाहारी. तोंडभर आभार मानून ते पाय मी फडताळात सगळ्यांत वर, कोणाच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवले. त्यात बेदाणे, सफरचंद आणि दालचिनी असते आणि मांस घालायची चाल कधीच मागे पडली, हे मला फेब्रुवारीत समजलं.

तो जग मात्र दुसऱ्याच दिवशी परत करायचा होता. रिकामा कसा करणार? आईने लहानपणापासून बजावलेलं, शेजारचं भांडं रिकामं परत जात नाही. घरात शंकरपाळ्या होत्या. जग धुतला, पुसला, शंकरपाळ्यांनी भरला आणि नेऊन दिला. आजीबाईंनी दारातच एक तोंडात टाकली आणि मला आत बोलावलं. आमचा इथला खरा मुक्काम त्या दिवसापासून सुरू झाला.

म्हणून माझं आवाहन साधं आहे. यंदा नाताळात घरात काही आणण्याआधी आपल्या घरातून एक ताट बाहेर जाऊ द्या.

आपलं शहर असंच आहे

आपल्यापैकी बरेच जण स्वतःला दोष देत असतात. आपण बोलके नाही, आपलं इंग्रजी अडखळतं, म्हणून ओळखी होत नाहीत, असं त्यांना वाटतं. थोडा दोष शहराच्या नकाशालाही द्या. 23 जानेवारी 1967 ला कागदावर जन्मलेलं हे शहर मोटारीचा विचार करून आखलेलं आहे. आडवे आणि उभे मोठे रस्ते एकमेकांना छेदतात, त्यांच्या मधल्या चौकोनांत वस्त्या आहेत आणि वस्त्यांभोवती झाडांचा पडदा. मोठ्या रस्त्याने तुम्ही कितीही फिरा, घरं दिसत नाहीत, मग घरातली माणसं कुठली दिसायला? ब्रॉटनमधून शेन्लीला जाताना आपण कितीतरी चौकांना गोल वळसे घालतो, पण वाटेत एका माणसाच्या नजरेला नजर भिडत नाही.

2021 च्या जनगणनेत इथली वस्ती दोन लाख सत्त्याऐंशी हजारांच्या घरात भरली. पुढच्याच वर्षी शहराचा रीतसर दर्जाही मिळाला. बहुतेक जण कुठून ना कुठून आलेले. जुनं गाव, वाडा, आळी असं मागे काही नाही. त्यामुळे शेजार आपोआप होत नाही, तो करावा लागतो. आणि तो करण्यासाठी वर्षात नाताळाइतकी सोपी वेळ दुसरी नाही. एरवी न कळवता कोणाचं दार वाजवणं इथे जरा अवघड वाटतं. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मात्र हातात खाऊ घेऊन आलेल्या माणसाकडे कोणी संशयाने बघत नाही.

आपल्या फुटपाथांवरून झेंडा लावलेले सहा चाकांचे छोटे यंत्रमानव 2018 पासून किराणा पोचवत फिरतात. दूध-पाव खुशाल त्यांच्याकडून मागवा. ताट मात्र आपल्या हाताने न्या.

हा आपला सण आहे का?

हा प्रश्न दरवर्षी निघतो आणि तो दडपण्यात अर्थ नाही. आपण देवघरात दत्तजयंती करतो, मार्गशीर्षातले गुरुवार करतो. मग नाताळ कशाला, असं आजी-आजोबांना वाटतं. काहींना वाटतं की मुलं आपलं विसरतील.

पहिली गोष्ट, मराठीला नाताळ परका नाही. नाताळ हा शब्दच पोर्तुगीजांबरोबर आला आणि घरचा होऊन गेला. शाळेत असताना आपण सगळेच नाताळच्या सुट्टीची वाट बघायचो. वसईच्या गावागावांत गव्हाणीचे देखावे होतात, घरांवर चांदण्या लागतात आणि नगरच्या मराठी ख्रिस्ती घरांत नाताळाला करंज्या-शंकरपाळ्यांचा घाणा पडतो. गोव्यात नेवऱ्या, दोदोल, बेबिंका करून ताटं शेजारी पोचवतात आणि त्यात हिंदू घरं वगळली जात नाहीत. गणपतीत त्याच घरांतून ताट उलट येतं. रेव्हरंड नारायण वामन टिळक, लक्ष्मीबाई टिळक, पंडिता रमाबाई आणि अलीकडचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, यांना वगळून मराठी साहित्य सांगून बघा, जमणार नाही. रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला तो 1883 मध्ये वाँटेज गावात, इथून गाडीने जाऊन संध्याकाळी परत येता येईल इतक्या अंतरावर.

त्याहून जवळचा धागा सांगते. आपल्याच शहराच्या हद्दीत, उत्तरेला ग्रेट ऊझ नदीकाठी ओल्नी नावाचं टुमदार गाव आहे. ‘अमेझिंग ग्रेस’ हे जगभर गायलं जाणारं गीत 1773 च्या नववर्षदिनाच्या उपासनेसाठी जॉन न्यूटन यांनी तिथे लिहिलं. त्याच गावातल्या बॅप्टिस्ट मंडळीने 1786 मध्ये विल्यम केरी नावाच्या एका जोडे शिवणाऱ्या तरुणाला धर्मसेवेसाठी निवडून पाठवलं. केरी पुढे बंगालमध्ये श्रीरामपूरला गेले, वैजनाथ पंडितांकडून मराठी शिकले, 1805 मध्ये त्यांनी मराठीचं व्याकरण छापलं आणि 1810 मध्ये कोश. छापखान्यातून निघालेल्या मराठीच्या अगदी आरंभीच्या पानांपैकी काहींचा माग काढत गेलात तर वाट ओल्नीतून जाते. नाताळच्या सुट्टीत एक दुपार मुलांना तिथे घेऊन जा. नदीकाठी फिरा आणि ही गोष्ट त्यांना मराठीत सांगा.

दुसरी गोष्ट, साजरा करणं आणि सहभागी होणं यात फरक आहे, तो आपण समजून घ्यावा. घरात झाड लावायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. लावलं म्हणून कोणी बाटत नाही, न लावलं म्हणून कोणी कोतं ठरत नाही. शेजाऱ्याच्या आनंदात मात्र आपण असायला हवं, जसं दिवाळीला त्याने आपल्या दारातल्या पणत्या थांबून बघाव्यात असं आपल्याला वाटतं. आणि आपल्यातच जी मराठी ख्रिस्ती कुटुंबं आहेत, त्यांचा तर हा मोठा सण. गणपतीला ती आपल्या मंडपात येऊन खुर्च्या लावतात. नाताळाला आपल्यातले किती जण त्यांच्या घरी जातात, हे एकदा मनाशी मोजा.

साने गुरुजींचा जन्म 24 डिसेंबरचा, 1899 सालचा, कोकणातल्या पालगडचा. पंढरपूरच्या विठ्ठलाचं दार दलितांना उघडावं म्हणून 1947 मध्ये त्यांनी प्राण पणाला लावून उपोषण केलं. नाताळच्या आदल्या दिवशी त्यांची आठवण करून एखादं दार वाजवलंत, तर त्यात आपल्या परंपरेला सोडून काहीच नाही.

ताट कसं न्यावं

आता कामाचं बोलू. एक साधंसं ताट घ्या. त्यात खूप काही नको. थोड्या शंकरपाळ्या, दोन-चार करंज्या, नारळाची वडी. चकली द्यायची तर तिखटाला हात आखडता घ्या. आपल्याला जी बेताची वाटते, ती समोरच्याला पाण्याचा तांब्या शोधायला लावते.

सुक्यामेव्याचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. शेंगदाणे, काजू, तीळ यांची काहींना जीवघेणी ॲलर्जी असते. एका चिठ्ठीवर पदार्थाचं नाव आणि त्यात काय काय घातलंय ते लिहा. गव्हाचं पीठ, तूप, काजू, असं स्पष्ट. समोरचे पूर्ण शाकाहारी असतील, दूधही घेत नसतील, तर विचारून घ्या. विचारल्याने इथे कोणाचा अपमान होत नाही. तेच उलटही लागू आहे. मिन्स पाय किंवा नाताळचं पुडिंग आलं तर त्यात प्राण्याची चरबी किंवा ब्रँडी आहे का, हे हसून विचारा. वनस्पती चरबीचेही मिळतात, पाकिटावर लिहिलेलं असतं. चालत नसेल तर तसं सांगा. माझ्यासारखे फडताळात लपवू नका.

20 ते 23 डिसेंबर हे दिवस उत्तम. 24 च्या संध्याकाळी लोक घाईत असतात आणि 25 ला घरी पाहुणे. गेलात की दारात दोन मिनिटं उभं राहा, आपलं नाव सांगा, त्यांचं विचारा आणि ते घरी येऊन लिहून ठेवा. आत बोलावलं तर जा. नाही बोलावलं तर मनाला लावून घेऊ नका, इथल्या रीतीप्रमाणे ओळख दारातच मुरते. आणि ताट शक्यतो परत येणारं द्या, फेकून द्यायचं नको. परत करायला माणूस पुन्हा येतो, हेच तर आपल्याला हवं आहे.

अजून एक सुचवते. दिवाळीचा आकाशकंदील उतरवून माळ्यावर टाकू नका. चांदणीच्या आकाराचा असेल तर उत्तमच, वसईकडे नाताळाला तशाच चांदण्या लावतात. इथे सजावट 5 जानेवारीपर्यंत, बाराव्या रात्रीपर्यंत ठेवण्याची जुनी रीत आहे. तोवर आपलाही कंदील लुकलुकू दे. आमच्या गल्लीत आता त्याच्याबद्दल विचारणा होते.

खर्चाचा हात आखडा

ही गोष्ट कोणी उघडपणे बोलत नाही, म्हणून मी बोलते. इथे बऱ्याच कंपन्या डिसेंबरचा पगार नाताळाआधीच देतात. तो हातात खुळखुळतो आणि आपल्याला वाटतं पैसे आहेत. पुढचा पगार जानेवारीच्या अखेरीस. म्हणजे एका पगारावर पाच-सहा आठवडे ढकलायचे, त्यात थंडीचं गॅस-विजेचं बिल. ‘आत्ता घ्या, नंतर फेडा’ म्हणणाऱ्या योजना याच दिवसांत गोड बोलतात. त्यांचे हप्ते जानेवारीत येतात, तेव्हा खेळणं कोपऱ्यात पडलेलं असतं.

आधी एक आकडा ठरवा, दोघांनी मिळून, आणि तो कागदावर लिहा. मित्रमंडळींत सगळ्यांनी सगळ्यांना भेटी द्यायची प्रथा पाडू नका. चिठ्ठ्या टाका, एकाने एकालाच द्यावी आणि दहा पौंडांच्या वर कोणी जाऊ नये. मुलांना एक मनासारखी वस्तू, एक पुस्तक, बस्स. ‘माझ्या वर्गातल्या अमक्याला इतकं मिळालं’ हे वाक्य येणारच. त्याला ‘आपल्याकडे असं नसतं’ हे उत्तर पुरत नाही, आपल्याकडे काय असतं ते दाखवावं लागतं. आमच्याकडे त्या दिवशी सकाळपासून करंज्या असतात. मुलगी पारी लाटते, तिचे बाबा सारण भरतात, कातणं फिरवायचं काम धाकट्याचं. निम्म्या करंज्या फुटतात. मुलांना आठवतात त्या त्याच.

आणि भेट दिल्यावर उरलेल्या कागदाचं बघा. मुठीत चुरगळून तो तसाच राहिला तर पुनर्वापराच्या डब्यात जातो. पुन्हा उलगडला किंवा चकचकीत असला, तर नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल दोरा बांधलेली भेटही तितक्याच उत्सुकतेने उघडली जाते.

25 तारखेला कोणाला बोलवायचं

या एका दिवसासाठी आपली माणसं आधीच हेरून ठेवा. पहिले विद्यार्थी. वसतिगृह रिकामं होतं, बरोबरीचे आपापल्या घरी जातात आणि महाराष्ट्रातून आलेलं पोर खोलीत एकटं नूडल्स खात बसतं. दुसरे नुकतेच आलेले. एकाची नोकरी सुरू झालेली, दुसऱ्याची अजून नाही, घरात सामान अर्धं. तिसरे, आणि यांचा आपल्याला फार विसर पडतो, सहा महिन्यांच्या व्हिसावर मुलाकडे आलेले आई-बाबा. उन्हाळ्यात त्यांचं बरं चालतं, विलन तळ्याला फेऱ्या होतात, 1980 मध्ये जपानी बौद्ध भिक्षूंनी उभारलेल्या शांतिस्तूपापाशी बसतात. डिसेंबरात मात्र दिवस आठ तासांचा आणि पाय घसरायची भीती. मुलगा-सून दमून येतात. दिवसभरात मराठीत दोन वाक्यं बोलायला कोणी नसतं. अशा एका जोडप्याला जेवायला बोलवा. काकूंना स्वयंपाकघरात मदतीला घ्या, नुसतं पाहुणं करून सोफ्यावर बसवू नका.

चौथे, ज्यांना त्या दिवशी ड्यूटी आहे. मिल्टन कीन्सच्या रुग्णालयात, वृद्धाश्रमांत, गोदामांत आपली कितीतरी माणसं असतात. त्यांना डबा पोचवा. आणि तुम्ही स्वतः अशा नोकरीत असाल तर साहेबांकडे किंवा सिस्टरांकडे आपणहून नाताळची पाळी मागून घ्या, म्हणजे ज्यांचा तो सण आहे त्यांना घरी राहता येईल. दिवाळीला तीच माणसं तुमची पाळी घेतील. असा व्यवहार बऱ्याच ठिकाणी चालतो आणि त्यातून होणारी मैत्री टिकते.

जेवण साधंच ठेवा. वरण-भात, बटाट्याची भाजी, पुरी आणि एक गोड. यजमानीण दिवसभर ओट्यापाशीच राहिली तर सण कोणाचा झाला? प्रत्येकाला एक पदार्थ आणायला सांगा. रेल्वे-बस बंद असल्याने आणणं-सोडणं कोण करणार, हेही आधीच ठरवा. इथले लोक तीन वाजता राजाचं भाषण ऐकतात. रेडिओवरून ते पहिल्यांदा झालं 1932 मध्ये, योगायोगाने लंडनचं महाराष्ट्र मंडळही त्याच वर्षीचं. भाषण ऐका, नाहीतर पत्ते कुटा, पण जेवण झाल्यावर अर्धा तास सगळे मिळून चालून या. त्या दिवशी लाल पायवाटांवर भेटणारा प्रत्येक जण शुभेच्छा देतो. वर्षभर मान खाली घालून जाणारेही.

घरी फोन करायचा तो सकाळी. इथे साडेनऊ म्हणजे तिकडे दुपारचे तीन, सगळे सुट्टीवर, जेवून निवांत. सगळ्यांना एकदम पडद्यावर गोळा करू नका, एका वेळी एकाशीच बोला.

आणि कोणाचं मन त्या दिवशी फारच खचलं असेल, तर लाजू नका. समॅरिटन्सचा 116 123 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, अगदी 25 तारखेलाही, आणि फोनला पैसे पडत नाहीत. हा क्रमांक गटावर टाकून ठेवा. ज्याला गरज आहे तो मागत नाही.

मुलांना घेऊन

शाळेतल्या येशूजन्माच्या नाटकात आपल्या पोराला मेंढी केलं म्हणून खट्टू होऊ नका. डोक्याला टॉवेल बांधलेल्या मेंढपाळांपासून तीन राजांपर्यंत सगळ्यांना तिथे सारखाच मान. नाटक बघायला रजा काढून जा आणि घरी त्याची गोष्ट नीट सांगा. ती आपल्या मुलांना कळायला सोपी आहे. परगावी आलेलं एक जोडपं, बाई दिवस भरलेली, कुठे जागा मिळत नाही, शेवटी कोणीतरी गोठा उघडून देतं. भाड्याचं घर शोधत इथे वणवण केलेल्या माणसाला ती वेगळी समजावून सांगायला नको. गव्हाणीचा देखावा घरी करायचा झाला तर मातीची गाय मुलांकडून करून घ्या. आपल्या शहरातल्या प्रसिद्ध गाई काँक्रीटच्या, तेव्हा ओबडधोबड झाली तरी इथल्या रीतीला धरूनच होईल.

एका संध्याकाळी कॅरोल ऐकायला जा. शहराच्या मध्यभागी घुमटाचं चर्च आहे, चर्च ऑफ क्राइस्ट द कॉर्नरस्टोन. 1992 मध्ये उघडलेलं हे चर्च वेगवेगळ्या ख्रिस्ती पंथांनी एकत्र येऊन चालवायचं म्हणून बांधलं. स्टोनी स्ट्रॅटफर्ड, न्यूपोर्ट पॅग्नेल, ओल्नी इथली जुनी चर्चेसही आहेत. कॅरोलच्या कार्यक्रमाला कोणीही जाऊ शकतं, तुमचा धर्म कोणी विचारत नाही. मोबाइल बंद ठेवा, सगळे उभे राहिले की उभं राहा, हातात दिलेल्या कागदावरून गाता आलं तर गा. प्रभुभोजनाचा विधी असेल तर जागेवर बसून राहिलात तरी चालतं. मुलांना एवढंच कळू दे की दुसऱ्याच्या देवळात कसं बसायचं असतं. आपल्या आरतीला त्यांचे मित्र येतात तेव्हा आपण त्यांच्याकडून हेच तर अपेक्षितो.

द्यायचं तर वेळेवर द्या

20 डिसेंबर हा गाडगेबाबांचा स्मृतिदिन. 1956 मध्ये ते गेले. भुकेल्याला जेवू घालणं हाच देव, हे त्यांनी हातात खराटा घेऊन गावोगाव सांगितलं. इथे आपल्या शहरात फूड बँक आहे आणि तिच्याकडे येणारी माणसं आपल्याच वस्त्यांतली असतात, कदाचित आपल्याच मुलाच्या वर्गातल्या कोणाचे आई-वडील.

देण्यात आपण एक चूक करतो. 23 डिसेंबरला आठवण होऊन पिशवी घेऊन धावतो. तोवर त्यांची पाकिटं बांधून गेलेली असतात. 1 डिसेंबरच्या आधीच घरात एक खोका ठेवा, रोज एक वस्तू त्यात टाका आणि महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या आत पोचवा. काय हवंय ते आधी त्यांच्या यादीत बघा. दोन किलो तूरडाळ देऊ नका, ती शिजवायला गॅस लागतो आणि अडचण नेमकी तिथे असते. डब्यातली फळं, टिकाऊ दूध, बिस्किटं, साबण, टूथपेस्ट, मुलांचे डायपर, अशा वस्तू लगेच कामी येतात. आणि खोका मार्चमध्ये पुन्हा भरा. तेव्हा कोणाला आठवण नसते, भूक तेवढीच असते.

जानेवारीपर्यंत

इथला नाताळ 26 तारखेला दुपारीच ओसरायला लागतो. उरलेलं अन्न, सोफ्यावर लोळणं, मग नवं वर्ष, मग लांबलचक करडा जानेवारी. या लोकांकडे त्या महिन्यासाठी काही नाही. आपल्याकडे आहे. संक्रांत येते 14-15 जानेवारीला, नेमकी त्या उदासीच्या मधोमध. ताट तेव्हा दुसऱ्यांदा बाहेर काढा. तिळगूळ द्या, तिळाची चिठ्ठी विसरू नका आणि तो देताना काय म्हणायचं असतं ते शेजाऱ्याला शिकवा. इंग्रजीत त्याचा अर्थ सांगितलात की तो हमखास म्हणतो, हे तर आमच्या भाऊबंदांना ऐकवायला हवं.

आमच्या आजीबाईंकडे त्या जगानंतर जे ताट गेलं ते स्टीलचं होतं, माझ्या आईच्या लग्नातलं. कडेला तिचं नाव आणि तारीख कोरलेली, आपल्याकडे भांड्यांवर नाव घालतात तशी. त्यांना वाटलं ती नक्षी आहे. नाव आहे म्हटल्यावर त्यांनी चष्मा लावून एकेक अक्षर माझ्याकडून वाचून घेतलं. त्यानंतर ते ताट कधी शंकरपाळ्या घेऊन गेलं, कधी मिन्स पाय घेऊन आलं, आणि आता ते शाकाहारी आहेत की नाही हे त्याच मला आधी सांगतात. एका वर्षी माझं बाळंतपण होतं, तेव्हा त्या ताटावर मिठाशिवाय काही नसलेलं सूप आलं. मी ते सगळं प्यायले.

यंदा उन्हाळ्यापासून ताट त्यांच्याकडेच आहे. म्हणजे पाळी त्यांची. मला कळत नाही की वाट बघावी की दुसरं ताट काढावं. बहुतेक दुसरंच काढेन, कारण पलीकडच्या घरात सप्टेंबरमध्ये कोणी नवं राहायला आलंय आणि त्यांचं नाव मला अजून माहीत नाही.

तुम्हीही आपल्या मांडणीवर एक नजर टाका. नाव घातलेलं एखादं ताट असेलच.

तुमची,
एक शेजारीण